व्हिपटेल माशाचं पोट बघायला शिका

टाकीत पाळायला व्हिपटेल घ्यायचा असेल तर घाई करू नका. मासा काचेला चिकटेपर्यंत थांबा आणि त्याचं पोट बघा. पाठीवरून काही कळत नाही. पाठीवर हाडांच्या चकत्यांचं चिलखत असतं, ते महिनाभर उपाशी असलेल्या माशाचंही जसंच्या तसं दिसतं. पोटाकडची बाजू त्यामानानं मऊ, ती खरं काय ते सांगते. पोट सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर मासा खातापिता आहे. तिथे खळगा पडलेला असेल तर तो मासा कितीही देखणा असो, तिथेच राहू द्या. इतका खंगलेला व्हिपटेल घरी आणून सावरणं फार अवघड असतं.

हे मी दोन मासे गमावून शिकले. नऊ वर्षांपूर्वी माझ्या ९० सेंटिमीटरच्या टाकीत वीस-बावीस टेट्रा, म्हणजे थव्यानं पोहणारे लहान मासे, होते. त्यात मी दोन तपकिरी व्हिपटेल सोडले. सकाळ-संध्याकाळ टाकीत खाणं पडत होतं, रात्री झोपायच्या आधी मी बुडणारी गोळी टाकत होते. सकाळी गोळी दिसायची नाही, म्हणजे ती व्हिपटेलनंच खाल्ली असं मी धरून चालले. चौथ्या महिन्यात एक मेला. त्याला तळहातावर उलटा घेतला तेव्हा पोटाच्या जागी बोट टेकवता येईल एवढा खड्डा होता. पाणी तपासलं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. आठवड्याभरात दुसराही गेला. गोळ्या टेट्रा आणि गोगलगायी संपवत होत्या आणि हे दोघं भरल्या घरात उपाशी मेले.

बाकीचे मासे भुकेले असले की काचेपाशी येऊन घुटमळतात, पाण्याच्या वरच्या थराकडे धावतात. व्हिपटेल उलट आणखी स्वस्थ बसतो आणि आपल्याला वाटतं, काय शांत स्वभावाचा मासा आहे! त्याची भूक आपल्यालाच ओळखावी लागते. पुढे मी जे काही सांगणार आहे, वाळू, फिल्टर, खाण्याची वेळ, सोबतीचे मासे, ते सगळं या एका गोष्टीशी जोडलेलं आहे.

कोणता व्हिपटेल घ्यावा

व्हिपटेल हे एका माशाचं नाव नाही, ते एका मोठ्या गोतावळ्याचं नाव आहे. लोरिकॅरिडी हे कॅटफिशमधलं सर्वांत मोठं कुळ, ९०० हून जास्त जातींचं. काचेला चिकटणारा प्लेको याच कुळातला. त्यातल्या लांबट, चपट्या, शेपटीकडे निमुळत्या होत गेलेल्या शाखेला आपण व्हिपटेल म्हणतो. शेपटीच्या पराचा वरचा काटा दोऱ्यासारखा लांब वाढतो, त्यावरून चाबकाचं नाव पडलं. मूळ घर दक्षिण अमेरिका आणि तिला लागून असलेला मध्य अमेरिकेचा भाग.

पहिल्यांदा पाळणाऱ्यानं रिनेलोरिकॅरिया या गटातलाच मासा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. या गटात साठाहून जास्त जाती आहेत आणि त्यांचा पसारा कोस्टा रिकापासून अर्जेंटिनापर्यंत. बहुतेक जाती १० ते १५ सेंटिमीटरमध्ये थांबतात. रिनेलोरिकॅरिया पार्व्हा, लॅन्सिओलाटा, फॅलॅक्स ही नावं तुमच्या कानावर येतील. लॅन्सिओलाटाच्या पाठीवरच्या पराच्या बुडाशी गडद डाग असतो. बाकीच्या तपकिरी जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की विकणाऱ्यानं सांगितलेल्या नावावर फार विसंबू नका. पाळण्याच्या दृष्टीनं त्यांच्यात मोठा फरकही पडत नाही.

विटकरी-लाल रंगाचा जो ‘रेड लिझर्ड’ मिळतो त्याचा क्रमांक एल०१०ए. हे एल-क्रमांक १९८८ मध्ये ‘डाट्झ’ या जर्मन मासिकानं सुरू केले, कारण शास्त्रीय नाव मिळण्याआधीच नवनवे मासे बाजारात येऊ लागले होते. रेड लिझर्ड बहुतेक वेळा टाकीतच पैदास झालेला असतो. तो टाकीतल्या पाण्याला आणि गोळ्यांना सरावलेला असतो, म्हणून नवख्या माणसाला मी आधी हाच सुचवते. माझ्याकडे आज पाच आहेत, दोन नर आणि तीन माद्या.

रॉयल व्हिपटेल, म्हणजे स्टुरिसोमा किंवा आता ज्यांना स्टुरिसोमाटिक्थिस म्हणतात ते मासे, दिसायला राजबिंडे. ते २० सेंटिमीटरच्या आसपास जातात, त्यांना भाजीपाला आणि शेवाळ जास्त लागतं, टाकीही मोठी लागते. वर्षभर रिनेलोरिकॅरिया नीट सांभाळलात की त्यांच्याकडे वळा. काडीसारखा दिसणारा फार्लोवेला त्याहून नाजूक. पाणी जरा बिघडलं, प्राणवायू जरा कमी पडला की तो जातो. आणि वाळूत स्वतःला गाडून घेणारे चपटे सूडोहेमिओडॉन हा पूर्ण वेगळा विषय, त्यांच्यासाठी टाकीच वेगळी मांडावी लागते.

टाकीचा तळ

लिटरच्या हिशेबापेक्षा तळाचा हिशेब करा. उंच टाकीतल्या वरच्या पाण्याचा या माशाला फारसा उपयोग नाही. तो पोहतो तेही नाइलाजानं: एका जागेवरून उसळी मारतो, हातभर पुढे जाऊन परत तळाला टेकतो. माझी टाकी ९० लांब, ४५ रुंद, ४० उंच, म्हणजे हिशेबानं १६२ लिटर. वाळू आणि लाकूड वजा जाता पाणी १४० च्या आसपास. त्यात पाच रेड लिझर्ड मजेत राहतात. जोडीसाठी ६० सेंटिमीटरची टाकी चालते, पण रुंदी ३० हून कमी नको. मासा वळताना शरीर फार वाकवू शकत नाही, चिलखत आड येतं, त्याला वळायला जागा लागते.

वाळू बारीक आणि गोल कणांची हवी. माझी परीक्षा साधी आहे. मूठभर ओली वाळू घ्यायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला घासायची. टोचलं, चरचरलं तर ती टाकीत जाणार नाही. हा मासा दिवसरात्र पोटावर बसलेला असतो, तोंडानं तळ चाचपत असतो. धारदार खडीनं त्याच्या पोटाला आणि ओठांना जखमा होतात, मग त्या लाल होतात आणि चिघळतात. दुसरी परीक्षा व्हिनेगरची: कोरड्या वाळूवर चार थेंब टाका. फेस आला तर त्यात चुना आहे, ती पाण्याचा जडपणा वाढवत राहील. वाळूचा थर दोन-तीन सेंटिमीटर पुरे. जाड थरात खाली गाळ कुजतो, आणि त्या गाळावर झोपणारा हाच मासा असतो.

वाळू टाकण्याआधी बादलीत धुवायची, पाणी नितळ येईपर्यंत. मला पहिल्यांदा सतरा पाणी लागली होती.

ड्रिफ्टवुड घाला, एक तरी आडवा ओंडका. त्यावर जो बुळबुळीत थर चढतो तो हे मासे दिवसभर खरवडत असतात. वाळलेली देशी बदामाची पानं तळाला पसरून ठेवली तर पिल्लांनाही पुढे त्यांचा उपयोग होतो. पानं नरम झाली, जाळी दिसायला लागली की समजा उत्तम मुरली आहेत. झाडं लावायला हरकत नाही, व्हिपटेल ती उपटत नाहीत. प्रकाश मंद ठेवा. भरपूर उजेडात जवळून डोळा बघा: वरून एक छोटी झापड बाहुलीवर उतरलेली दिसते आणि बाहुली अर्धचंद्रासारखी होते. उजेड कमी केला की झापड वर जाते, बाहुली गोल होते. माझं कामाचं टेबल टाकीला लागूनच आहे. संध्याकाळी टेबलावरचा दिवा मालवला की ते डोळे हळूहळू उघडताना मी रोज बघते आणि नऊ वर्षांत मला त्याचा कंटाळा आलेला नाही.

आणि पाइप हवेत. साधे पीव्हीसी पाइपचे तुकडे, दोन्ही बाजूंनी उघडे, माशापेक्षा दीडपट लांब. आतली रुंदी एवढी की नर आत बसल्यावर त्याचे बाजूचे पर भिंतींना टेकावेत. माझ्याकडे तीन सेंटिमीटर व्यासाचे, २० सेंटिमीटर लांबीचे चार तुकडे आहेत. कापलेल्या कडा काचकागदानं घासून गुळगुळीत करा. नर जितके असतील त्यापेक्षा दोन पाइप जास्त ठेवा, म्हणजे भांडण राहत नाही.

पाणी आणि हवा

तापमान २४ ते २६ अंश, पीएच ६.५ ते ७.५. या मर्यादेत पाणी स्थिर असेल तर आकड्यांच्या मागे फार लागू नका. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट लिटरला २५ मिलिग्रॅमच्या खाली. नव्या टाकीत व्हिपटेल सोडू नका. फिल्टरमधले जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात हे सगळेच सांगतात. मी त्यापुढे आणखी दीड-दोन महिने थांबायला सांगेन. तोपर्यंत लाकडावर, पानांवर, काचेवर तो बुळबुळीत थर धरलेला असतो आणि नव्या माशाला पहिल्या दिवसापासून तोंड लावायला काहीतरी मिळतं.

प्राणवायूच्या बाबतीत हयगय नको. हे वाहत्या पाण्यातले मासे. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो: २० अंशाला एका लिटरमध्ये साधारण ९.१ मिलिग्रॅम मावतो, २५ अंशाला ८.३, ३० अंशाला ७.६. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून मी फिल्टरच्या जोडीला एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर कायम चालू ठेवते. एक बंद पडला तरी दुसरा असतो. व्हिपटेल तळ सोडून वरच्या काचेला, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ चिकटून बसायला लागले आणि कल्ले भराभर हलताना दिसले, तर आधी हवा वाढवा आणि मग कारण शोधा.

दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलायचं. नवं पाणी त्यातलं क्लोरीन काढून टाकून, टाकीतल्या तापमानाच्या जवळपास आणून. सायफन वाळूच्या वर बोटभर अंतरावरून फिरवायचा, म्हणजे गाळ उचलला जातो आणि वाळू राहते. पाइप उचलून त्याच्या खाली साचलेली घाणही काढा. मात्र आत नर बसला असेल तर त्या पाइपाला हात लावायचा नाही.

खाणं: दिवे मालवल्यावर, आणि डोळ्यांदेखत

व्हिपटेल टाकीतलं शेवाळ साफ करतो, या समजुतीपायी किती मासे गेले असतील कोण जाणे. रिनेलोरिकॅरिया शेवाळ थोडं खातात, पण त्यांचं पोट किडे, अळ्या, बारीक जीव आणि सडलेल्या पानांवरचा थर अशा मिश्र खाण्यावर भरतं. शेवाळ साफ व्हावं म्हणून मासा हवा असेल तर कृपा करून हा घेऊ नका.

माझा रोजचा क्रम असा. रात्री टाकीचा दिवा बंद करायच्या पंधरा मिनिटं आधी वरच्या माशांना त्यांचं खाणं घालते. ते टेट्रांसाठी, त्यांची पोटं भरून ते शांत व्हावेत म्हणून. मग दिवा बंद. अर्ध्या तासानं, खोलीतल्या मंद उजेडात, बुडणाऱ्या गोळ्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी टाकते: एक ओंडक्याच्या मागे, एक पाइपांच्या तोंडाशी, एक मोकळ्या वाळूवर. एकाच ठिकाणी टाकल्या तर मोठा नर त्यावर बसून राहतो आणि लहान मादी लांबून बघत बसते. मग मी पाच-दहा मिनिटं टाकीसमोर बसते. गोळीवर व्हिपटेलचं तोंड पडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की मगच उठते.

पहिले सहा महिने तरी हे रोज करा. गोळी सकाळी नाहीशी झालेली असणं हा पुरावा नव्हे.

आठवड्यातून दोनदा फ्रीझरमधले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव). बर्फ वितळवून, स्वच्छ पाण्यातून काढून, लांब नळीनं थेट तळाला सोडायचे. वरून टाकले तर निम्मे वाटेतच फस्त होतात. दोनदा भाजी: काकडी किंवा झुकिनीची चकती, पालकाचं पान, साल काढलेले मटार, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून नरम केलेले. काकडीची चकती बुडत नाही, तिला स्टीलच्या चमच्याच्या दांड्यात खोचून तळाला ठेवा. रात्री ठेवलेली भाजी सकाळी काढून टाकायची, नाहीतर पाणी नासतं. काही मासे पहिले दोन-तीन आठवडे भाजीला तोंडच लावत नाहीत. तरी ठेवत राहा. एकानं सुरुवात केली की बाकीचे येतात.

दर रविवारी मी पोटांची पाहणी करते. छोटी टॉर्च घेऊन खालून तिरका प्रकाश टाकायचा आणि काचेला चिकटलेल्या प्रत्येक माशाचं पोट बघायचं. वहीत पाच रकाने आहेत, त्यात फक्त तीन शब्दांपैकी एक लिहिते: भरलेलं, सपाट, आत. दोन रविवार लागोपाठ ‘आत’ आलं तर त्या माशाला वेगळ्या छोट्या टाकीत काढून एकट्याला खाऊ घालते. असं आजवर दोनदा करावं लागलं आणि दोन्ही वेळा मासा तीन आठवड्यांत सावरला.

नवा मासा आणल्यावरही आधी तीन-चार आठवडे याच वेगळ्या टाकीत ठेवायचा. रोग पसरू नये हे एक कारण. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे त्याच्या खाण्यावर डल्ला मारणारं कोणी नसतं, त्यामुळे तो खातोय की नाही हे स्वच्छ कळतं.

सोबती

लहान टेट्रा, रासबोरा, पेन्सिलफिश चालतात. हे वरच्या आणि मधल्या पाण्यातले, बेताच्या भुकेचे मासे. कोरिडोरास हे तळाचे छोटे कॅटफिश स्वभावानं गरीब, पण खाण्यात फार चपळ. ठेवायचे असतील तर गोळ्या वाढवा. टायगर बार्ब नकोत, ते शेपटीचा दोरा कुरतडतात. मोठे सिक्लिड नकोत. मोठे प्लेको आणि चायनीज अल्गी ईटर तर अजिबातच नकोत. दोघंही त्याच तळावर, त्याच खाण्यावर हक्क सांगतात आणि व्हिपटेल भांडत नाही, तो बाजूला सरतो.

पकडणं आणि औषध

जाळी वापरू नका. बाजूच्या परांचे पुढचे काटे आणि अंगावरचे बारीक काटे जाळीच्या दोऱ्यात अडकतात, ओढलं की पर फाटतो. पारदर्शक प्लास्टिकचा डबा वाळूवर आडवा ठेवा आणि दुसऱ्या हातानं मासा हळूच त्यात वळवा. पाइपात बसला असेल तर दोन्ही तोंडांवर तळवे धरून पाइपासकटच उचला, हे सर्वांत सोपं.

तांबं असलेली औषधं या माशांना सोसत नाहीत, तीही टाळा आणि मिठाचा भडिमारही टाळा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर मी आधी पाणी स्वच्छ करते, हवा दुप्पट करते आणि तापमान दिवसाला एका अंशानं चढवत २९ पर्यंत नेते. औषध द्यायचीच वेळ आली तर अर्ध्या मात्रेनं सुरुवात.

नर, मादी आणि हिरवी अंडी

नीट खाणारे, दीड-दोन वर्षांचे मासे असतील तर अंडी आपसूक येतात. वरून डोकं बघा. नराचं डोकं रुंद आणि गालांवर ब्रशसारखे केस, बाजूच्या परांच्या काट्यांवरही तसेच. मादीचं डोकं टोकदार, गाल गुळगुळीत, अंडी भरली की कमरेशी रुंद होते. माझ्या टाकीत बहुतेक वेळा मोठं पाणी बदलल्यावर, तेही दोन अंश गार पाण्यानं, एक-दोन दिवसांत मादी पाइपाच्या तोंडाशी घुटमळायला लागते.

पहिल्या वेळी मला कळलंच नाही. मोठा नर दोन दिवस खायला आला नाही. रविवारी वहीत त्याच्या रकान्यात काही लिहिता येईना. टॉर्च पाइपाच्या तोंडाशी धरली तर तो आत, आणि त्याच्या पोटाखाली पाइपाच्या तळाला चिकटलेला हिरव्या मण्यांचा एक थर. मटारापेक्षा बरेच लहान, काचेसारखे चकचकीत. तो बाजूचे पर पंख्यासारखे हलवून त्यांच्यावर पाणी खेळवत होता, मधूनच तोंडानं एकेक अंडं चाचपत होता. मी टॉर्च विझवली आणि बराच वेळ अंधारात तशीच बसून राहिले.

अंडी साधारण पन्नास ते दीडशे, माद्यांच्या वयावर अवलंबून. कधी दोन माद्या एकाच पाइपात घालतात, मग दोन रंगांचे पुंजके दिसतात, कारण अंडी जसजशी पिकतात तसतशी गडद होत जातात. माझ्याकडे २५-२६ अंशाला नवव्या ते अकराव्या दिवशी फुटतात. या दिवसांत नर जवळजवळ काहीच खात नाही. पाइप हलवायचा नाही, सारखी टॉर्च मारायची नाही, नाहीतर अंडी सोडून तो बाहेर येतो किंवा स्वतःच खातो. पहिल्यांदाच बाप झालेला नर एखाददोन वेळा अंडी खातोच, त्याला वेळ द्या.

रॉयल व्हिपटेलचं वेगळं असतं: अंडी उघड्यावर, बहुधा काचेवर, नर त्यांच्यावर बसून राखण करतो. आणि लोरिकॅरियासारख्या काही जातींत तर नर अंड्यांचा पुंजका ओठाला धरून फिरतो.

पिल्लं

अंडी फुटली की पिल्लं जन्मतःच छोटे व्हिपटेल दिसतात, दोऱ्यासकट. पोटाला पिवळ्या बलकाची थैली असते. ती दोन-तीन दिवस पुरते. ती संपण्याआधी पिल्लं वेगळी काढायची. मी मुख्य टाकीत आत टांगायची जाळीची पेटी वापरते, तिच्यात एअर पंपाची बारीक नळी सोडलेली. पाणी तेच राहतं, फक्त वाहतं राहायला हवं.

इथेही पिल्लं मरतात ती भुकेनंच, आणि तीही भाजीच्या ढिगात. पहिल्या खेपेतली माझी नव्वदेक पिल्लं होती, महिन्यानं एकोणीस उरली. मी नुसती झुकिनी देत होते. आता थैली संपलेल्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं देते: आर्टेमियाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीच्या, अंड्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्या, चुरलेली गोळी पाण्यात कालवून, आणि मुरलेली बदामाची पानं कायम तळाला. पानाखाली सकाळी दहा-बारा पिल्लं ओळीनं चिकटलेली असतात. उरलेलं खाणं दिवसातून दोनदा नळीनं ओढून काढते आणि तेवढंच पाणी मुख्य टाकीतून भरते. शेवटच्या खेपेला ऐंशीतली एकसष्ट वाढली. लहान कपात पिल्लू घेऊन कप डोळ्यांच्या वर धरा: आर्टेमिया खाल्लेलं असेल तर पोट नारिंगी दिसतं.

दोन-अडीच महिन्यांत ती चार सेंटिमीटरपर्यंत येतात, तेव्हा द्यायला हरकत नाही. जास्त झाली म्हणून नदीत, तळ्यात, विहिरीत सोडायची नाहीत, एकही नाही. याच कुळातल्या मोठ्या प्लेकोंनी अशाच सोडण्यातून अनेक देशांतल्या नद्यांत ठाण मांडलं आहे आणि तिथल्या माशांची जागा घेतली आहे.

देताना आदल्या दिवशी खाणं बंद ठेवते, पिशव्या दुहेरी करते, कारण काट्यांनी प्लास्टिकला छिद्र पडतं, आणि एका पिशवीत दोनच पिल्लं घालते. सोबत आठवड्याच्या गोळ्या आणि टाकीतलं एक मुरलेलं पान. मग घेणाऱ्याला पिशवी दिव्याकडे उंच धरायला लावते आणि खालून दाखवते: हे पोट आत्ता असं आहे, पुढच्या रविवारी असंच असायला हवं.